पहिल्या पगाराची उधारी

मुंबईच्या गिरणीत नव्याने लागलेल्या कामगाराच्या हाती पहिला पगार पडायच्या आधीच त्याच्या नावावर पहिली उधारी चढलेली असे. याचा दोष उधळेपणाला देता येत नाही. मूळ होते ते पगाराच्या तारखेत. गिरणीतला पगार महिन्याचा असे आणि तो पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास मिळे. एक तारखेला खात्यात उभा राहिलेला रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा पोरगा जवळजवळ दीड महिना बिनपैशाचा राही. तोवर जेवायचे, गाळ्याच्या भाड्यातला आपला वाटा द्यायचा आणि जमल्यास गावी मनीऑर्डर करायची, हे सगळे उसनवारीवर चाले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मालकांना मुदत घालून दिली: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांत आणि त्याहून जास्त असतील तर दहा दिवसांत पगार झालाच पाहिजे. त्यामुळे वाट पाहण्याचे दिवस कमी झाले. वहीवरचा व्यवहार मात्र तसाच राहिला.

या वह्या दोन प्रकारच्या होत्या. पहिली वाण्याची. तिच्यात तांदूळ, ज्वारी, रॉकेल, साबण असे चढत जाई आणि पगाराच्या दिवशी हिशेब होई. त्यात व्याजाचे वेगळे कलम नसे. ते मालाच्या भावातच मुरलेले असे. दुसरी वही खानावळीची. परळ, लालबाग, गिरगावातल्या चाळींमधून बायका घरच्या चुलीवर दहा-वीस जणांचा स्वयंपाक करीत आणि पैसे महिन्याने घेत. म्हणजे कामगाराला उधार देणारी ही बाई स्वतः वाण्याकडून आणि सावकाराकडून उधार उचलत असे. ही दुहेरी साखळी किती घट्ट होती, हे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले तेव्हा सर्वांपुढे आले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज खानावळवालीपर्यंत पोचवून तिला सावकाराच्या हातून सोडवणे, हेच मंडळाचे पहिले काम होते.

वाणी आणि खानावळ यांच्यापलीकडे रोकड लागली तर व्याजाने पैसे देणारा पठाण होता. रुपयाला महिना एक आणा हा त्या काळी सर्रास चालणारा दर होता. ऐकायला तो हलका वाटे. पण रुपयाचे आणे सोळा, तेव्हा हा दर महिन्याला सव्वासहा टक्के आणि वर्षाला पंचाहत्तर टक्के पडे. दर महिन्याचा सांगायचा आणि वर्षाचा हिशेब घेणाऱ्यावर सोडायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि व्हिटली आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात नोंदवले, की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन-तृतीयांश कुटुंबे किंवा व्यक्ती कर्जात आहेत.

व्याजाला कुठेतरी बांध हवा, ही जाणीव या भूमीला नवी नव्हती. दामदुपटीचा नियम जुन्या धर्मशास्त्रातून आला आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. शंभराचे दोनशे झाले की व्याज थांबले. हा नियम असूनही १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दख्खनचे दंगे पेटले. कारण खत नव्याने लिहून घेतले की कालचे व्याज आजचे मुद्दल होई आणि दामदुपटीची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा खरा व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार दिला. १९१८ मध्ये जबर व्याजाविरुद्धचा कायदा झाला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने तर दामदुपटीचे तत्त्व धर्माच्या चौकटीबाहेर काढून सरसकट लागू केले: मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा न्यायालयाने द्यायचा नाही. या कायद्यातून बँकांची आणि सहकारी संस्थांची कर्जे वगळलेली होती. बँक म्हणजे सावकार नव्हे, ही त्यामागची धारणा. पुढच्या अर्धशतकात या वगळण्याला फार महत्त्व आले.

पगारदाराला सावकारापासून खऱ्या अर्थाने दूर नेले ते पतपेढीने. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागचा हेतू शेतकऱ्याला कर्ज मिळावे हा होता. शहरातल्या मध्यमवर्गानेही तो लगेच उचलला. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल, तर १९१८ मध्ये सारस्वत, अशा संस्था उभ्या राहिल्या; त्या सगळ्या पुढे मोठ्या बँका झाल्या. त्याहून साध्या, पण संख्येने कितीतरी अधिक होत्या त्या पगारदार नोकरांच्या पतपेढ्या. गिरणी, रेल्वे, नगरपालिका, शाळा, टपाल खाते अशा प्रत्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांची आपली पतपेढी असे.

तिची रीत अशी. नोकरीत कायम झाल्यावर सभासद व्हायचे. दरमहा पगारातून भागभांडवलाची आणि वर्गणीची थोडी रक्कम कापली जाई. कर्ज हवे असेल तर छापील अर्ज भरायचा आणि त्यावर दोन सभासदांची जामीनदार म्हणून सही घ्यायची. ही सही मिळवणे हीच खरी परीक्षा असे. पोरगा नवा असेल तर शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ कारकून आधी विचारत, ‘कशाला पाहिजेत रे पैसे?’ बहिणीचे लग्न, गावच्या घराचे छप्पर, वडिलांचे ऑपरेशन अशी कारणे असली की सही होई. रेडिओ किंवा मोटारसायकल म्हटले की थोडे बोलणे ऐकावे लागे. हप्ता थकला तर जामीनदाराच्या पगारातून कापला जाई, त्यामुळे ती सही कुणी हलकेपणाने करत नसे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ ने पगारातून थेट कपातीला कायद्याचा आधार दिला. व्याजाचा दर वार्षिक सभेत सभासदांसमोर ठरे आणि नफा लाभांशाच्या रूपाने त्यांच्याकडेच परत येई. या व्यवस्थेत नाते-ओळखीचे दडपण होते, कायम नसलेल्याला दार बंद होते, आणि जामिनाच्या पायी मैत्री तुटल्याची उदाहरणेही कमी नव्हती. तरी कर्जाची किंमत ते घेण्याच्या क्षणी कर्जदाराला नेमकी ठाऊक असे. शहरी उधारीच्या सगळ्या इतिहासात इतकी उघड रीत दुसरी झाली नाही.

बँकेत पाऊल टाकणे ही त्या काळी पतपेढीनंतरची पायरी होती. मुंबईत सरकारी बचत बँक १८३५ पासून होती आणि टपाल खात्याची बचत बँक १८८२ मध्ये देशभर सुरू झाली. सामान्य माणसाचे पहिले पासबुक बहुधा टपाल खात्याचेच असे. व्यापारी बँका पगारदाराकडे वळल्या त्या मुख्यतः १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर. बँक ऑफ महाराष्ट्र आणि सेंट्रल बँक ऑफ इंडिया या दोन्ही त्यांत होत्या. खाते उघडायला ‘ओळख’ लागे, म्हणजे त्याच शाखेतल्या जुन्या खातेदाराची फॉर्मवर सही. पुन्हा तेच ज्येष्ठ कारकून, पुन्हा तीच विनंती. पैसे काढायला स्लिप किंवा चेक खिडकीत दिला की आकडा कोरलेले पितळी टोकन हातात येई. मग बाकावर बसून कॅशियरने तो आकडा पुकारण्याची वाट पाहायची.

या बँकेत शुल्क होते, पण जाणवत नसे. चेकबुक हवे असेल तर किमान शिल्लक थोडी अधिक, नको असेल तर अगदी नाममात्र. डिमांड ड्राफ्टचे कमिशन, बाहेरगावच्या चेकची वसुली, परत आलेल्या चेकचा दंड यांचे दर इंडियन बँक्स असोसिएशन ही १९४६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बँकांची संघटना ठरवून देई. त्यामुळे दादरच्या एका बँकेत जे शुल्क, साधारण तेच समोरच्या बँकेत. बचत खात्यावरचे व्याजही रिझर्व्ह बँक ठरवी. खातेदाराला निवडायला काही नव्हते, आणि फसायलाही फारसे नव्हते.

हे चित्र सप्टेंबर १९९९ मध्ये पालटले. सेवाशुल्क ठरवण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला दिली आणि असोसिएशनचे सामाईक दर बंद झाले. नव्या खासगी बँका नुकत्याच आल्या होत्या. त्यांच्या वातानुकूलित शाखांतली किमान शिल्लक हजारांत होती, तीही तिमाहीच्या सरासरीवर मोजलेली. सरासरी हा शब्द नव्या खातेदाराला दगा देई. महिनाअखेरीस खात्यात पाच हजार दिसले म्हणजे भागले असे त्याला वाटे. पण आधीचे वीस दिवस खाते रिकामे असेल तर सरासरी खाली येई आणि पुढच्या तिमाहीत दंड कापला जाई. तक्रारी वाढल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये शुल्कांची वाजवी पातळी तपासण्यासाठी कार्यगट नेमला. त्याचे अध्यक्ष एन. सदाशिवन हे महाराष्ट्र आणि गोव्याचे बँकिंग लोकपाल होते, म्हणजे खातेदारांच्या तक्रारी रोज वाचणारा अधिकारी. शुल्क आधी सांगावे, ठळक लावावे, सेवेच्या खर्चाशी ते सुसंगत असावे, हा विचार त्या अहवालानंतर नियमांत आला.

याच काळात पगार खाते रूढ झाले. कंपनी आणि बँक यांच्यात करार होई. कॉलेज संपवून आलेल्या मुलामुलींना रुजू होण्याच्या दिवशीच खात्याचा फॉर्म, डेबिट कार्ड आणि चेकबुक यांचा संच मिळे आणि शिल्लक शून्य चाले. ‘ओळख’ देणारा कारकून आता लागत नव्हता. पण ही सवलत नोकरीला बांधलेली होती. नोकरी बदलली, सलग काही महिने पगार जमा झाला नाही, की ते खाते मुकाट्याने साध्या बचत खात्यात बदले आणि किमान शिल्लक लागू होई. पहिली नोकरी सोडताना जुने खाते तसेच ठेवून दिलेल्या अनेकांना वर्षा-दोन वर्षांनी ते उघडून पाहिल्यावर शिल्लक शुल्कात झिजून गेलेली दिसली. काहींच्या खात्यावर तर उणे आकडा होता. नोव्हेंबर २०१४ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने हे थांबवले. १ एप्रिल २०१५ पासून शिल्लक कमी पडल्यास खातेदाराला आधी कळवणे, दंड कमतरतेच्या प्रमाणात ठेवणे आणि केवळ या दंडामुळे खाते उणे जाऊ न देणे बंधनकारक झाले.

तरी दंडाची एकूण रक्कम केवढी होते, हे २०१७ मध्ये कळले. स्टेट बँकेने त्या वर्षी एप्रिलपासून किमान शिल्लक पुन्हा लागू केली आणि पहिल्या आठ महिन्यांतच या एका शुल्कापोटी १,७७१ कोटी रुपये जमवले. ही रक्कम मुख्यतः ज्यांच्या खात्यात पैसा नव्हता त्यांच्याकडूनच आली होती. देशभर चर्चा झाली, दर उतरले आणि मार्च २०२० मध्ये बँकेने ही अट सर्व बचत खात्यांवरून काढून टाकली.

एटीएमचा प्रवासही असाच मोफताकडून मोजदादीकडे झाला. देशातले पहिले एटीएम १९८७ मध्ये एचएसबीसीने मुंबईत बसवले. एप्रिल २००९ पासून दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पैसे काढणेही फुकट झाले. त्याच ऑक्टोबरात महिन्याला पाच वेळांची मर्यादा आली, नोव्हेंबर २०१४ पासून सहा महानगरांत ती तीनवर उतरली. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक वेळेचे कमाल शुल्क मे २०२५ पासून २३ रुपये आहे.

क्रेडिट कार्ड या गोष्टीत जरा उशिरा शिरते, पण तिचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग तेच आहे. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, आणि ते साठच्या दशकाच्या आरंभी मुंबईत आले. त्याची सगळी रक्कम महिन्याला चुकती करावी लागे. एका अर्थी ती वाण्याचीच वही होती, फक्त ताज हॉटेलात चालणारी. बाकी पुढे ढकलण्याची सोय असलेले कार्ड वेगळे. ते बँक ऑफ अमेरिकाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात आणले, आणि तेही तिथल्या साठ हजार लोकांना न मागता टपालाने पाठवून. भारतात बँकेचे पहिले कार्ड १९८० मध्ये सेंट्रल बँकेचे आले. पाठोपाठ १९८१ मध्ये आंध्र बँक उतरली. तेव्हा दुकानदार कार्ड लोखंडी ‘झिप-झॅप’ यंत्रात ठेवी, वर कार्बनची तीन पानी स्लिप घाली आणि दांडा सरकवी. कार्डावरची उठावदार अक्षरे कागदावर उमटत. मोठी खरेदी असेल तर दुकानदार आधी हरवलेल्या आणि बंद कार्डांच्या छापील यादीत नंबर शोधी. गिऱ्हाईक काउंटरशी उभे राही.

१९९० मध्ये सिटी बँकेने आणि १९९८ मध्ये जीई कॅपिटलच्या साथीने स्टेट बँकेने या धंद्यात उतरून कार्ड मध्यमवर्गात नेले. २००० नंतर खासगी बँका आल्या आणि कार्ड विकणारी पोरे रेल्वे स्टेशनबाहेर, ऑफिसांच्या आवारात, मॉलच्या दारात टेबल टाकून बसू लागली. ‘लाइफटाइम फ्री’ हा शब्द याच काळातला. विकणारा आणि घेणारा दोघेही बहुधा नुकतेच पदवीधर झालेले असत. एकाला महिन्याचे टार्गेट, दुसऱ्याला पहिल्या पगाराची हौस. जामीनदार कुणीच नव्हता. त्याची जागा पुढे एका आकड्याने घेतली. ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिबिलने कर्जदारांच्या नोंदी एकत्र केल्या, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि ३०० ते ९०० मधला ‘सिबिल स्कोअर’ घरोघरी पोचला. कार्डाचा हप्ता चुकला तर आता मित्राचा पगार कापला जात नव्हता. चार-पाच वर्षांनी घरासाठी कर्ज मागताना स्वतःचाच अर्ज अडत होता. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्या अर्जदाराला स्वतःचे उत्पन्न दाखवा किंवा सहस्वाक्षरी करणारा आणा, अशी अट घातली. म्हणजे तिथे तरुणांपुरता जामीनदार परत आला.

कार्डावरच्या व्याजाचा हिशेब जवळून पाहावा लागतो. बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात: एकूण देय आणि किमान देय. वीस हजारांची खरेदी झाली आणि त्यातले किमान देय म्हणून पाच टक्के, म्हणजे एक हजार भरले, तर कार्ड चालू राहते, उशिराचा दंड लागत नाही आणि फोनवर कुणी तगादा लावत नाही. नव्या कार्डधारकाला वाटते, काम झाले. पण बाकीच्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज चढते, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे आणखी जवळपास १२० रुपये. पुढच्या महिन्यात तो पुन्हा पाच टक्के, म्हणजे सुमारे ९९० रुपये भरतो तेव्हा मूळ बाकी उतरते फक्त दोनशेच्या आसपास. शिवाय एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. भाजी घेतली तरी त्या दिवसापासून व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बिनव्याजी मुदत मुळातच नसते, वर काढण्याचे शुल्क वेगळे. साडेतीन टक्के महिना म्हणजे बेचाळीस टक्के वर्ष. पठाणाच्या पंचाहत्तराहून ते कमी आहे. दर सांगण्याची पद्धत मात्र तीच आहे.

दामदुपट इथे लागू नाही. सावकारी कायद्यातून बँका वगळलेल्या होत्याच. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घालून, बँकेचा व्याजदर जबर आहे या कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडायचा नाही, असेही ठरले. कार्डधारकांसाठी उरलेली वाट ग्राहक कायद्याची होती. ‘आवाज’ या ग्राहक संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निर्णय दिला, की वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि ती जवळपास सोळा वर्षे चालली. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला: व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, आयोगाच्या नव्हे. कायद्याच्या भाषेत निकाल सुसंगत आहे. पण रिझर्व्ह बँकेने कार्डासाठी आकड्यात कमाल मर्यादा घातलेली नाही. तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्याला मिळालेला तो बांध आजच्या पदवीधराला नाही, ही गोष्ट खरीच राहते.

रिझर्व्ह बँकेने दराऐवजी व्यवहाराच्या रीतीला नियम घातले. एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आणि त्याच जुलैपासून लागू होऊ लागलेल्या निर्देशांनी न मागता कार्ड पाठवण्यास बंदी केली. थकबाकी नसलेले कार्ड बंद करायची विनंती आली तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला पाचशे रुपये द्यायचे. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचे नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांनी जाळलेल्या नव्या खतांची आठवण व्हावी असे हे कलम आहे. किमान देय रक्कम अशी ठरवायची, की ती भरल्यावर बाकी वाढता कामा नये. आणि देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच थकबाकीची नोंद करून उशिराचा दंड लावायचा. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज घेणाऱ्याला सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक देणे सक्तीचे झाले. क्रेडिट कार्डाची बाकी त्यातून वगळली आहे.

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे वडापावच्या गाडीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून पंधरा रुपयेही उधारीवर देता येतात. झिप-झॅप नाही, स्लिप नाही, सही नाही. २०२४ च्या आरंभी देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींपलीकडे गेली. पगारदारांच्या पतपेढ्या अजूनही शाळांत, नगरपालिकांत आणि एसटीच्या आगारांत चालू आहेत. तिथे कर्जाच्या अर्जावर आजही दोन जामीनदारांच्या सह्या लागतात.